लवट्यांच्या मेंढरांचं पचन

सत्काराला बिरा लवटे आपला मेंढा घेऊन आला होता. मेंढ्याचं नाव सोन्या. राज्य कुरण मंडळाच्या अध्यक्षांनी सोन्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि ते हात मागं घेईपर्यंत सोन्यानं अर्धा हार खाल्ला. उरलेला अर्धा ते माइकपर्यंत पोचेस्तोवर संपला. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. माणदेशातल्या सगळ्यांत उत्तम पचवणाऱ्या कळपाच्या म्होरक्यानं आपल्या शक्तीचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं, असं अध्यक्ष म्हणाले.

सोन्या उपाशी होता. ही गोष्ट त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होती. एक बिरा, आणि दुसरा मागच्या रांगेत मंडळाचं ओळखपत्र गळ्यात अडकवून बसलेला त्याचा धाकटा भाऊ धुळदेव. सोन्याला धरलं तर तिघांना.

बिराला फेटा मिळाला, शाल मिळाली आणि ‘सुवर्णपचन’ अशी अक्षरं कोरलेला एक पितळी मेंढा मिळाला. पितळी मेंढा चांगला गुबगुबीत होता.

हे सगळं सुरू झालं चाऱ्याच्या टंचाईतून. पाऊस माणदेशाची वाट आधीपासूनच चुकायचा, आता तो पत्ताच विसरला. मोकळ्या माळावर सौर पत्रे उभे राहिले. जी काही गवताची रानं उरली, त्यांना मंडळानं कुंपण घातलं आणि कुंपणाला आपोआप उघडणारं फाटक बसवलं. प्रत्येक मेंढराच्या गळ्यात पट्टा आला. ज्या पट्ट्याची वेळ असेल त्यालाच फाटक आत घ्यायचं. वेळ संपली की पट्टा कानाशी असा काही किंचाळायचा, की मेंढरू तोंडातला घास टाकून बाहेर पळायचं. या वेळेला ‘चराई-तास’ म्हणत. प्रश्न एवढाच राहिला, की कुणाला किती तास द्यायचे. माणसांचं असतं तर ओळखीपाळखीवर भागलं असतं. मेंढरांच्या ओळखी नसतात, म्हणून शास्त्राला बोलावलं.

शास्त्र सोपं आहे आणि खरं आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सगळा दोष त्याच्यावर टाकून वाचक मोकळे होतात.

मेंढरानं खाल्लेल्या चाऱ्यातला किती अंगी लागला, हे कसं कळणार? खाल्लेलं तोलायचं आणि टाकलेलं तोलायचं, हा सरळ उपाय. पण माळावर चरणाऱ्या मेंढराच्या मागं तराजू घेऊन कोण हिंडणार? म्हणून चाऱ्याबरोबर पोटात एक खूण धाडतात. खूण म्हणजे अशी भुकटी, जी पोटात विरघळत नाही, रक्तात शिरत नाही, जंतू तिच्या वाटेला जात नाहीत. जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते. समजा, किलोभर चाऱ्यात चिमूटभर खूण आहे. त्यातला निम्मा चारा पचला, तर बाकीच्या अर्ध्या किलोत ती चिमूट जशीच्या तशी सापडणार, म्हणजे दुप्पट दाट. लेंडीत खूण दुप्पट दाट दिसली की पचन पन्नास टक्के, चौपट दिसली की पंचाहत्तर. यापलीकडं त्यात काही नाही. शाळेत त्रैराशिक येत असलेल्या कुणालाही हे जमतं.

मंडळानं यात दोन नव्या वस्तू आणल्या. पहिली खूणगोळी. ती मेंढीच्या घशाखाली एकदा उतरवली, की पोटाच्या पहिल्या कप्प्यात वर्षभर ठाण मांडते आणि रोज ठरलेली खूण सोडते. गळ्यातला पट्टा घास मोजतो, त्यामुळं खाणं कळतं. दुसरी वस्तू लेंडीवाचक. विजेरीएवढं यंत्र, लेंडीवर धरलं की निळा उजेड पडतो, खूण चमकते आणि पडद्यावर पचनाचा आकडा येतो.

मग नियम आले. ज्याचं पचन जास्त त्याला चारा कमी लागणार, सबब त्याला तास कमी. हा न्याय. ज्याचं पचन फारच कमी तो कळप चारा वाया घालवणार, सबब तो अपात्र. त्याला गाडीत घालून कत्तलखान्यात न्यायचं. ही शिस्त. पात्रतेची रेषा राज्याच्या सरासरीला बांधलेली होती, सरासरी चढली की रेषाही चढायची. ही प्रगती.

लवट्यांच्या बापानं आपल्या दोन पोरांची वाटणी जित्तेपणीच केली होती: थोरला मेंढरांना, धाकटा शाळेला. धाकटा शिकून मंडळात पचनमापक झाला आणि थोरल्याच्या मेंढरांच्या लेंड्या मोजू लागला. बापानं पाहिलं असतं तर वाटणी समान झाली असं त्याला वाटलं असतं.

पहिल्या वर्षी बिराच्या कळपाचं पचन छप्पन आलं. वाळलं गवत आणि कडबा खाणाऱ्या मेंढराचं एवढंच येतं. पुढच्या वर्षी अडुसष्ट आलं. मग एकोणऐंशी. सत्काराच्या वर्षी एक्क्याण्णव. आकडा चढत गेला तसे तास उतरत गेले.

सत्कारानंतर धुळदेव वाड्यावर गेला. वाडा म्हणजे माळावर जाळीच्या वाघरीनं आखलेलं मेंढरांचं कोंडाळं. बिराचा संसार त्याच्याच कडेला, तीन दगडांच्या चुलीपाशी. मंगलवैनी भाकऱ्या थापत होती.

“या साहेब,” ती म्हणाली. “आज काय मोजायचं? लेंड्या का बरगड्या?”

“वैनी...”

“न्हाई, बरगड्यांना यंतर लागत न्हाई म्हणून म्हटलं. हितनंच मोजता येत्यात.”

“गप की गं,” बिरा म्हणाला. “त्यो दमून आलाय.”

“मेंढरं बी दमल्यात. चार पावलं चालली की बसत्यात. शाल घाला म्हणावं त्येंच्या अंगावर.”

धुळदेवनं वाघरीतून आत पाहिलं. मेंढरं नेहमीसारखी एकमेकांत तोंडं खुपसून उभी होती, पण अंगावरची लोकर सैल झाली होती, थोरल्याचा सदरा धाकट्यानं घालावा तशी. दोन कोकरं आईच्या कासेला ढुशा देत होती आणि काही न मिळून पुन्हा ढुशा देत होती.

“दादा, फाटकात वेळ किती मिळतो आता?”

“जात्यात आन् येत्यात. तोंड लावूस्तवर पट्टं बोंबलत्यात.”

“मग तक्रार का करत न्हाईस?”

बिरा हसला. “काय म्हणून करू? माझ्या मेंढरांचं पचन लई चांगलं हाय, तेवढं बिघडवा म्हणून?”

“तसं न्हाई...”

“बाबू मासाळ आठवतो का तुला? दर साली नवा मुलूख धरायचा. यंदा घाटाखाली, तर पुढच्या साली भीमेकाठी. तुज्याच हापिसाच्या माणसानं त्येच्या लेंड्या वाचल्या. पंचावन्न. दुसऱ्या दिवशी गाडी आली. बाबू आता पुण्यात कुणाच्या तरी गेटवर उभा असतो.” बिरानं काठीनं माती उकरली. “कमी आकडा म्हंजी गाडी. जास्त आकडा म्हंजी उपास. उपासानं मरायला येळ लागतो धुळ्या. तेवढ्या येळात पाऊस यील, सरकार बदलंल, कायतरी हुईल. गाडीला येळ लागत न्हाई.”



पुढच्या मोजणीच्या वेळी लवट्यांची मेंढरं वसंतआप्पांच्या वावरात बसली होती. सुगी झाली की शेतकरी मेंढरं वावरात बसवून घेतो. त्यांच्या लेंड्या-मुतानं जमीन पोसते आणि बदल्यात धनगराला बाजरी मिळते. लवट्यांची मेंढरं आज्याच्या काळापासून याच दहा-बारा वावरांत ओळीनं बसत आली होती. नव्या गावाला कुणी जास्त बाजरी देतो म्हटलं तरी बिरा जायचा नाही. शब्द दिलेली वावरं सोडायची नाहीत, ही त्यांच्या घराची रीत.

धुळदेव वावरात उकिडवा बसला आणि वहाणेत गेलेला खडा काढायला त्यानं लेंडीवाचक जमिनीवर ठेवला. ठेवताना बटण दाबलं गेलं. निळा उजेड पडला. पडद्यावर आकडा आला: त्र्याण्णव.

खाली लेंडी नव्हती. नुसती माती होती.

त्यानं यंत्र झटकलं, चार पावलं पुढं जाऊन पुन्हा मातीवर धरलं. चौऱ्याण्णव. बाजरीच्या धसकटावर धरलं. एकोणनव्वद. आपल्या वहाणेवर धरलं. सत्त्याऐंशी.

बांधावरून वसंतआप्पा बघत होते. “काय चाललंय रं लवटे?”

“जमीन मोजतोय आप्पा.”

“मग? बरी हाय का?”

“पचन चांगलं हाय तिचं.”

“असणारच,” आप्पा म्हणाले. “माझा बाप, माझं दोन बैल आन् तीन हिरींचा खर्च पचवलाय तिनं.”

धुळदेव धसकटात तसाच बसून राहिला आणि हळूहळू त्याच्या सगळं ध्यानात आलं. खूण कशालाच दाद देत नाही म्हणून तर तिला निवडली होती. मग पोटातून बाहेर पडल्यावर ती जाणार कुठं? ऊन तिला जाळत नाही, पाणी विरघळवत नाही, पीक उचलत नाही. मेंढरं ज्या वावरात बसली त्याच्या मातीत ती राहिली. पुढच्या साली मेंढरं त्याच वावरात आली, धसकटं चघळली, धसकटावरची धूळ पोटात गेली, आणि धुळीबरोबर गेल्या साली टाकलेली खूणही. यंत्र धरून चालतं की पोटात खूण येते ती फक्त गोळीतून. त्यामुळं लेंडीत खूण दाट दिसली की ते म्हणतं, वा, पचन वाढलं. साल जाईल तशी माती दाट, लेंडी दाट, आकडा वर. बाबू मासाळ दर साली कोऱ्या मुलखात जायचा, म्हणून त्याचा आकडा खरा आला. खरा आला म्हणून त्याची मेंढरं गेली. बिरा शब्दाला जागून त्याच वावरात येत राहिला, म्हणून त्याला फेटा मिळाला.

आणि सगळ्या राज्यात हेच चाललं होतं. सगळ्यांची सरासरी चढत होती, सरासरीमागं पात्रतेची रेषा चढत होती. रेषा आता चौऱ्याहत्तरवर होती. वाळल्या गवतावर चौऱ्याहत्तर टक्के पचवणारं मेंढरू अजून कुठल्या मेंढीच्या पोटी जन्माला आलेलं नाही.

डॉ. बोंद्रे हे धुळदेवचे वरिष्ठ. माणूस चांगला होता. त्यांच्या खोलीत पितळी मेंढ्यांची रांग होती, पुढच्या सत्कारांसाठी आणलेली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा चहा मागवला.

“लवटे, जमीन पचवते हे कुणी नाकारलंय का? तुम्हाआम्हाला शेवटी तीच पचवणार आहे.”

“साहेब, आकडे खोटे आहेत. मेंढरं मरायला लागलीत.”

“आकडे खोटे नाहीत. यंत्र जे दिसतं तेच सांगतं. खोटं असलंच तर आपलं समजणं खोटं आहे.” बोंद्रे उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. “ऐका. तुमचं बरोबर आहे. मला गेल्याच वर्षी शंका आली होती. पण राज्यानं चारा वाचवला म्हणून दिल्लीत आपलं कौतुक झालंय. तिथं जाऊन मी काय सांगू? मेंढ्या माती खात होत्या म्हणून?”

“मग काय करायचं?”

“नुसतं खरं असून भागत नाही, पडताळलेलं लागतं. जुनी पद्धत आहे. पिशवी बांधायची. चारा तोलून घालायचा, मेंढ्याच्या मागं पिशवी, पडेल ती लेंडी गोळा करायची, वाळवायची, तोलायची. त्यात खूण लागत नाही, त्यामुळं वाद उरत नाही. एका कळपावर करून दाखवा. मालकाचा होकार मात्र हवा.”

“आणि मग सगळ्यांचे आकडे बदलतील?”

“मी बघतो.”

“नक्की ना साहेब?”

“लवटे, मी नक्की म्हणालो का? बघतो म्हणालो.”

धुळदेव बाहेर पडला तेव्हा त्याच्या कानात ‘बघतो’ होतं. एसटीत बसेपर्यंत त्याचं ‘बहुतेक’ झालं. वाड्यावर पोचला तेव्हा तो म्हणाला, “दादा, साहेबांनी नक्की केलंय.”

बिरानं त्याचं सगळं बोलणं ऐकलं. मातीचं ऐकून त्याला हसू आलं.

“म्हंजी माझ्या मेंढरांनी गेल्या सालची लेंडी पुन्यांदा खाल्ली, म्हणून मला फेटा?”

“तसंच म्हण.”

“आन् आता पिशव्या बांधून खरा आकडा काढायचा. किती यील?”

“पंचावन्नाच्या आसपास.”

“बाबू मासाळाचा किती आला हुता?”

“पंचावन्न,” धुळदेव म्हणाला.

“त्योच की,” बिरा म्हणाला. “धुळ्या, तू मला शाणा करायला आलाईस का गाडीत घालायला?”

“दादा, तुझ्या एकट्याचं न्हाई हे. एका कळपावर सिद्ध झालं की साऱ्यांचे आकडे खाली येणार, रेषा खाली येणार. छप्पनच्या मेंढराला दिवसभर चराई हाय, नियमच हाय तसा. दिवसभर दादा! पहिल्या साली होती तशी.”

“आन् न्हाई आली रेषा खाली तर?”

“येणार. बिरोबाची आण.”

देवळातून आणलेला भंडारा चुलीमागं डबीत असायचा. धुळदेवनं डबी उघडली, पिवळी चिमूट कपाळाला लावली आणि बिराच्याही लावली.  बिरा मेंढरांकडं बघत बसला.

बोलली ती मंगलवैनी. “काल दोन कोकरं गेली,” ती म्हणाली. “आयांना दूधच न्हाई. पाऊस यीस्तवर वाट बघायची म्हणता, पर कोकरांनी कुणाच्या दारात जाऊन बघायची? भाऊजी शिकल्यात. त्येंच्यावर इस्वास ठेवायचा नसंल, तर मग शिकवलं कशापायी?”

बिरानं फोन तोंडाशी धरला. “मी बिरा म्हाळू लवटे. माझी मेंढरं तपासायला माझी ना न्हाई.” होकार नोंदला गेल्याचा टिंग वाजला. मग तो धुळदेवला म्हणाला, “शाळेला तुला घातलं, तवा बा काय म्हणला हुता ठाव हाय? एक पोरगं सरकारात असावं, म्हंजी गाडी आपल्या दारात येत न्हाई.”

पिशव्या मंगलवैनीनं शिवल्या. मंडळाच्या पिशव्या शहरातल्या गुबगुबीत मेंढ्यांच्या मापाच्या होत्या. लवट्यांच्या मेंढ्यांवरून त्या घसरून पडत. तिनं एक जुनं घोंगडं फाडलं, त्याच्या पिशव्या केल्या आणि पट्ट्यांनी पाठीवरून आवळून बांधल्या. पिशव्या फक्त नरांनाच बांधतात, कारण मादीचं मूतही पिशवीत जातं आणि हिशेब बिघडतो. सोन्या पहिला. पिशवी बांधल्यावर तो मागं वळून वळून बघायचा, आपल्या मागं कोण लागलंय म्हणून.

“सत्काराला हीच नेसवून न्यायला पायजे हुती,” वैनी म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिघं एकदम हसली.

चाचणीच्या काळात नरांना पट्टा नव्हता, फाटक नव्हतं. तोलून घातलेला चारा, पोटभर. नियमच तसा होता, कारण उपाशी मेंढराचं पचन मोजता येत नाही. सोन्या जेवायचा, रवंथ करायचा, पुन्हा जेवायचा. त्याच्या पाठीची हाडं बुजू लागली. वाघरीपलीकडून माद्या बघत राहायच्या. बिरा ओंजळीनं त्यांना थोडा चारा द्यायला गेला, तेव्हा धुळदेव म्हणाला, “दादा, त्यातला देऊ नको. हिशेब चुकंल.”

बिरानं ओंजळ परत आणून ठेवली.

निकाल आला: चौपन्न. आपल्या भावाची मेंढरं अगदी सामान्य आहेत, हे कळून त्या दिवशी धुळदेवला जेवढा आनंद झाला, तेवढा सुवर्णपचनाच्या वेळीही झाला नव्हता. मातीचे आकडे आणि पिशवीचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्यानं अहवाल केला. बोंद्र्यांनी त्यावर सही केली. समितीपुढं अहवाल ते स्वतः घेऊन गेले. सांगायला हवं, माणूस शब्दाला पक्का होता.

परत आल्यावर त्यांनी धुळदेवला बोलावलं आणि आधी चहा मागवला. चहा आधी आला की धुळदेवला भीती वाटायची.

“समितीला तुमचं काम फार आवडलं. इतकी काटेकोर मोजणी राज्यात कुणी केलेली नाही, असं अध्यक्ष स्वतः म्हणाले. तुमच्या पिशवीच्या आकड्यावर कुणी बोटसुद्धा ठेवू शकलं नाही.”

“म्हणजे मान्य झालं?”

“पूर्ण. लवट्यांच्या कळपाचं पचन चौपन्न, हे आता निर्विवाद आहे.” बोंद्र्यांनी चष्मा काढला. “रेषा चौऱ्याहत्तरची आहे.”

“पण साहेब, रेषाच चुकीची आहे! तेच तर दाखवलंय. सगळ्यांच्याच मेंढरांचं...”

“सगळ्यांच्या मेंढरांना पिशव्या बांधल्यात का?”

“नाही.”

“मग त्यांच्या आकड्यांवर संशय घ्यायला समितीपाशी आधार काय? ज्याचं पडताळलं त्याचं खरं धरायचं, ज्याचं नाही पडताळलं त्याचं आहे ते धरायचं. मी भांडलो, लवटे. चहा गार झाला इतका वेळ भांडलो.”

“तुम्ही बघतो म्हणाला होतात.”

“बघितलं,” बोंद्रे म्हणाले. ते खोटं नव्हतं.

धुळदेवनं बाकीच्या मेंढपाळांना फोन लावले. दहा कळपांनी एकदम पिशव्या बांधल्या तर? सगळ्यांनी त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग सगळ्यांनी एकच विचारलं: तुझ्या भावाचं काय झालं?

गाडी सकाळी आली. कत्तलखान्याची माणसं मेंढरांना फळीवर चढवू बघत होती, पण मेंढरू परक्या माणसाचं ऐकत नाही. दोन चढली की चार उतरायची. गाडीवाला वैतागला. शेवटी बिरा पुढं झाला. त्यानं तोंडानं नेहमीची चकचक केली, सोन्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला स्वतः फळीवरून वर नेलं. सोन्या चढला तशी सगळी मेंढरं त्याच्यामागं ओळीनं चढली. कुणाला हात लावावा लागला नाही.

धुळदेवचं काम पट्टे काढून घ्यायचं होतं. पट्टे मंडळाची मालमत्ता. फळीपाशी उभा राहून तो एकेक गळा मोकळा करत गेला. शेवटच्या मेंढीनं त्याचा हात चाटला. हाताला मीठ असतं, म्हणून चाटतात.

गाडी गेल्यावर तो भावासमोर उभा राहिला. “दादा, मला दोन हाण.”

“कशापायी?” बिरा म्हणाला. “आकडा तर तू बरोबर काढलास.”

मंगलवैनीनं भाकरी पुढं ठेवली. त्यानं नको म्हटलं. “खावा भाऊजी,” ती म्हणाली. “वसंतआप्पांच्या वावरातली बाजरी हाय. आपल्याच मेंढरांवर पोसलेली.” त्यानं तुकडा मोडला.

पट्टे घेऊन जायला मंडळाची गाडी यायची होती, ती आली नाही. पट्टे वाड्यावरच पडून राहिले. मंडळात कळप अपात्र ठरवणारा विभाग वेगळा आणि चराई-तास ठरवणारा वेगळा. पहिल्यानं मेंढरं नेली. दुसऱ्याला त्याची खबर नव्हती. त्याच्याकडं फक्त नवा, पडताळलेला आकडा पोचला होता. लवट्यांचा कळप, पचन चौपन्न. एवढ्या कमी पचनाच्या मेंढरांना भरपूर चरावं लागणार. यंत्रानं हिशेब केला आणि लवट्यांच्या पट्ट्यांना सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चराई दिली.

धुळदेवला हे कळलं मंगलवैनीच्या फोनवरून. “भाऊजी, ह्ये रोज सकाळी कुरणावर जात्यात,” ती म्हणाली. “जेवायला बी येत न्हाईत. तुमी येऊन बघा.”

तो गेला. कुरणाचं फाटक सताड उघडं होतं. आत कुणी न चरल्यामुळं गुडघ्याइतकं वाढलेलं गवत होतं, तुरे धरलेलं, वाऱ्यानं एका अंगाला झुकणारं. फाटकाबाहेर एका दगडावर बिरा बसला होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मांडीवर सोन्याचा पट्टा. पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

“दादा.”

“ये. बस.”

धुळदेव बसला.

“गवत बेस आलंय,” बिरा म्हणाला. “असलं गवत बानं बी बघितलं नसंल.”

“दादा, पट्टे जमा करायचे आहेत. मी फोन करतो आज. कळवतो त्यांना, की कळप न्हाई.”

“नको.”

“फाटक उगीच उघडं राहतंय.”

“राहू दे की. तुजं काय जातंय?”

ऊन चढलं होतं. गवतातून एक टिटवी ओरडत उठली आणि पुन्हा गवतात बसली. बिरानं सवयीनं तोंडानं चकचक केली.

“घरी चल दादा. वैनी वाट बघतीया.”

“जाऊ की,” बिरा म्हणाला. त्यानं पट्ट्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. “फाटक बंद होऊ दे. तवर आपला टाइम हाय.”